इबिरोंकेचं दुसरं कडवं

सुरुलेरे, लागोस
९ फेब्रुवारी

रोपोदादा,

तुमचं पत्र मिसेस ओनाकोयांनी रविवारी चर्चमधून बाहेर पडताना माझ्या हातात दिलं. विनिपेगच्या विमानतळावर तुम्ही त्यांना सोडायला गेला होतात, असं म्हणाल्या. "तुझा भाऊ बारीक झालाय गं. तिकडच्या थंडीत माणसं सुकतात, मासळीसारखी." मी हो म्हटलं. दहा वर्षांत मी तुम्हाला पाहिलेलं नाही, त्यामुळे बारीक म्हणजे कशाच्या मानाने ते मला कळलं नाही.

मीही हातानेच लिहिते आहे. फोनवर लिहिलेलं कोण कोणाला पुढे पाठवील याचा नेम नाही, आणि आपल्या घराबद्दलची कुठलीही गोष्ट आजकाल तासाभरात शहरभर होते. हे पत्र मिसेस ओनाकोयांचे जावई घेऊन येतील.

इबिरोंके ऑक्टोबरच्या सतरा तारखेला गेली. सिकलसेलचे झटके तिला लहानपणापासून होते. तुम्ही तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पळालेले आहात, तेव्हा तुम्हाला वेगळं काय सांगायचं. या वेळी दुखणं हाडांत न थांबता छातीत उतरलं. छत्तीस वर्षांची होती. चौथ्या दिवशी दफन केलं. आईला नेलं नाही. पोटच्या लेकराचं थडगं आईने बघायचं नसतं, आणि काकांनी ते कटाक्षाने पाळलं. जागा कुठे आहे हेही तिला सांगितलेलं नाही. मी गेले होते. मधल्या ओळीत, भिंतीपासून सहावी.

तिचा शेवटचा अल्बम तुम्ही ऐकलात, असं लिहिलंय. 'ओसान गानगान', म्हणजे भरदुपार, हे नाव तिनेच ठेवलं होतं. त्यातलं नववं गाणं, दाराचं, तुम्ही रोज कामावर जाताना बसमध्ये ऐकता. पहिल्या कडव्यात ती तुम्हालाच टोमणे मारते हे तुम्ही ओळखलंत. कोण गेलं दार उघडं टाकून, घरात डास आले, आता झोपायचं कोणी, वगैरे. ओळखणारच. त्या टोमण्यांवर लोक लग्नांत नाचतात, त्यांना कुठे ठाऊक आहे भाऊ कोण ते. पण दुसऱ्या कडव्यात ती म्हणते की दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही, हात लाव आणि आत ये. तुम्ही लिहिलंत, "तिथे तिचा श्वास पुरत नाही, शब्द अर्धे राहतात, आणि अशा अवस्थेत तिने मला माफ केलं."

ते वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं.

गाणं चांगलं झालंय. लोकांना आवडतं. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येणार नाही.

आईचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. तुमचं पत्र आलं हे तिला सांगितलं. त्या दिवशी ती दोनदा जेवली.

फेहिंतोला


६ मार्च

रोपोदादा,

तुम्ही विचारलंय की मी अजून गाते का. घरात हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून नीट उत्तर देते.

इबीच्या पाचही अल्बमवर मी आहे. नाव शेवटी, बारीक अक्षरांत. शाळा सुटली की मी स्टुडिओत जायचे. तिथलं काम असं चालतं. आधी स्पॅनर ताल बांधतो. स्पॅनर म्हणजे तिची सगळी गाणी करणारा माणूस, त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. मग इबी काचेच्या खोलीत जाऊन त्या तालावर तोंडाला येईल ते गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसते चालीला धरून आवाज. लेकरू बोलायला शिकण्याआधी बडबडतं तसं. शब्द मागून भरायचे, कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. शब्द बसले की ती पुरतं गायची. आणि मग मी आत जाऊन तेच सगळं पुन्हा गायचं, तिच्या आवाजाच्या खाली, तिच्यासारखंच, ती जिथे श्वास घेते तिथेच श्वास घेऊन. त्याने तिचा आवाज भरीव वाटतो. काम नीट झालं तर मी तिथे आहे हे कोणाला कळत नाही.

एक नियम आहे. शब्दांची टोकं मी गायची नाहीत. आपले योरुबा शब्द स्वरावर संपतात, तिथे प्रश्न नाही. पण इंग्रजी शब्दांच्या शेवटी ट, स, क येतात, आणि दोघींचे ट एका क्षणी पडले नाहीत तर पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून टोकं तिची. मी शब्द अर्ध्यात सोडायचे. सोळा वर्षं सोडले. आता वर्गात शिकवतानाही सुटतात. मागच्या आठवड्यात नववीच्या मुलींना रक्तगट आणि सिकलसेल शिकवत होते. आईवडील दोघेही वाहक असले तर चार चौकटींतली एक चौकट आजारी. एक मुलगी म्हणाली, "मिस, तुम्ही वाक्य संपवत नाही, आम्ही वहीत काय लिहायचं?" मी फळ्यावर लिहून दिलं.

चर्चमध्ये सध्या गात नाही. घसा बसलाय असं सांगितलंय. गाणाऱ्यांचे मास्तर बाबा फासेहुन तुम्हाला आठवत असतील. ते म्हणाले, "कोंबडी अंड्यांवर बसली तरी एकवीस दिवसांत उठते. तुझा घसा चार महिने बसलाय. त्याखाली काय उबवते आहेस?" सगळे हसले. मीही हसले, घोगऱ्या आवाजात. नोव्हेंबरमध्ये मी एकदा तिथे एकटीने स्तोत्र म्हटलं होतं. मागच्या बाकावरच्या दोन मुली रडायला लागल्या, म्हणाल्या, डोळे मिटले तर तीच. सोमवारी मिस्टर अजिबाडेंचा फोन आला. अजिबाडे म्हणजे तिच्या कंपनीचे साहेब. म्हणाले, "मॅडम, घसा जपा. चार लोकांत वापरू नका." तेव्हापासून मी घरातही गुणगुणत नाही. भांडी घासताना लक्षात ठेवावं लागतं.

त्यांचं मला वरचेवर बोलावणं असतं. स्पॅनरच्या संगणकात तिची आणखी सहा गुणगुणणी पडून आहेत. त्यांचा पुढचा अल्बम करायचा म्हणतात. मला त्या कामात मदत करायची आहे.

आईचं तुम्ही विचारलंत. सकाळी आंघोळ झाली की ती वडिलांच्या खुर्चीत बसते आणि नववं गाणं लावायला सांगते. दुसरं कडवं आलं की हात वर करते. म्हणजे घरात कोणी बोलायचं नाही. मध्येच वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत हात तसाच वर. "बघ कशी दमलीय माझी पोर," म्हणते. "दम नाही, तरी भावाला बोलावते." मी चहा गाळत असते. तिला थडगं नाही, दादा. तिच्याकडे एवढंच आहे.

शेवटच्या दिवसांत इबी तुमच्याबद्दल काय म्हणाली, हे तुम्ही दोनदा विचारलंय. आजारी माणूस फार बोलत नाही.

फेहिंतोला


३ एप्रिल

रोपोदादा,

पत्र काल मिळालं. तुम्ही येऊ नका.

सध्या इथे फार उकडतं. वीज दिवसातून चार तास असते. पुलाचं काम चालू असल्यामुळे विमानतळावरून सुरुलेरेला यायला तीन तास लागतात. तुमच्या खोलीत इबीचे कपडे ठेवलेत, ते हलवायला अजून कोणाचा धीर झालेला नाही. आईला एवढा आनंद सोसणार नाही, असं डॉक्टरांचंही मत असेल, मी विचारलेलं नाही.

ही कारणं वाचून तुम्ही हसाल. पण तुमच्याच पत्रात आहे की राहण्याच्या परवान्याचा अर्ज नऊ वर्षं अडकलाय, निकाल या उन्हाळ्यात लागेल असं वकील म्हणतो, आणि निकालाआधी देशाबाहेर पाऊल टाकलंत तर अर्ज रद्द होऊन परत आत घेणार नाहीत. हे सगळं एका पानावर लिहून दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिता, "माझ्या बहिणीने मला बोलावलंय. आता मी कोणाच्या निकालाची वाट बघू?" २६ तारखेचं विमान बघून ठेवलंत. सोमवारी वकिलाला अर्ज मागे घ्यायला सांगणार म्हणता. पुढचा सोमवार की त्यापुढचा, हे लिहिलेलं नाही.

वडील गेले तेव्हा तुम्ही कळवलं होतंत तसे आजारी पडून इस्पितळात नव्हता, याच अर्जापायी अडकला होतात, हेही या पत्रात पहिल्यांदा कळलं. तेव्हा सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

तुम्ही आईला फोन करून येतो म्हणालात, ते मला न विचारता केलंत. तिने गल्लीत सगळ्यांना सांगितलंय. खोलीला चुना लावायला माणूस बोलावलाय. काल मला विचारत होती, "रोपो अजून मिरची खातो का? की तिकडे जाऊन त्याची जीभ गोरी झाली?" हे म्हणून ती हसली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

अर्ज मागे घेऊ नका. मी पुन्हा लिहिते. तोवर काही करू नका.

फेहिंतोला


११ एप्रिल

रोपोदादा,

हे कुरियरने पाठवते आहे, चार दिवसांत पोचेल म्हणतात. वाचून झाल्यावर फाडून टाका. का, ते कळेल.

दुसरं कडवं इबिरोंकेने गायलेलं नाही. ते मी गायले आहे. शेवटची दोन गाणीही माझीच आहेत, पण तुम्हाला या कडव्याशी मतलब आहे, म्हणून तेवढंच सांगते.

ऑगस्टमध्ये आठ गाणी तिने पूर्ण केली होती. सप्टेंबरमध्ये एकदा दुपारी ती स्टुडिओत आली, खुर्चीवर बसून दाराच्या गाण्याचं पहिलं कडवं आणि ध्रुवपद गायली. छान गायली. स्पॅनरला म्हणाली, "माझ्या भावाला हे ऐकून खाज सुटली पाहिजे." दुसऱ्या कडव्याचं नुसतं गुणगुणणं झालं. मी तिला पाणी देताना विचारलं, इथे काय शब्द घालायचे.

ती म्हणाली, "ताई, त्या माणसाला काय सांगायचं ते मला सापडलेलं नाही. सापडलं की सांगते. नाहीतर तिथे नुसतं हूं हूं राहू दे, त्याला आपण तेवढ्याच किमतीचे होतो."

पुढे सापडलं असतं की नाही, मला माहीत नाही. इस्पितळात तुमचा निरोप तिच्या फोनवर आला होता. तुमचं नाव पाहून तिने फोन पालथा ठेवला. तो तिने उघडला नाही. हे मी तुम्हाला मार्चमध्येच सांगायला हवं होतं. तुम्ही दोनदा विचारलं होतंत.

दफनानंतर तिसऱ्या आठवड्यात अजिबाडे घरी आले. त्या दिवसांत मी सह्याच करत होते. इस्पितळाच्या, शवागाराच्या, चर्चच्या. त्यांच्याही कागदावर केली. त्यात काय होतं ते मी डिसेंबरमध्ये वाचलं. इबीच्या उरलेल्या सगळ्या गुणगुणण्यांना मी आवाज द्यायचा, आणि तो माझा आहे हे कोणालाही, आईलाही, कधीही सांगायचं नाही. किती गाणी, किती वर्षं, ते लिहिलेलं नाही. "मॅडम, बहिणीचं काम अर्धं राहू देणार का तुम्ही?" एवढंच ते तेव्हा बोलले होते. मला तेव्हा अर्धं राहिलेलं काहीच बघवत नव्हतं.

स्पॅनरने कडव्याचे शब्द कोणाकडून तरी लिहून आणले होते. त्यात स्वर्ग होता, देवदूत होते. मी म्हटलं, ही असं बोलत नाही. तो म्हणाला, "मग आंटी, कशी बोलते ते तुम्हीच सांगा. मी ताल बांधतो, माणसं नाही." मी त्याच्या जेवणाच्या पिशवीवर चार ओळी लिहिल्या. त्या दाराच्या.

त्या का लिहिल्या, ते सांगते. याबद्दल मी कधी कोणाशी बोललेले नाही.

वडील गेले तेव्हा थोरल्या मुलाने पहिली माती टाकायची म्हणून आपण त्यांना सहा आठवडे शवागारात ठेवलं. दर आठवड्याला तुम्ही म्हणायचात, पुढच्या आठवड्यात येतो. शवागारात दर बुधवारी मी जायचे. आई जाऊ शकत नव्हती, इबीला थंडीने झटका आला असता. तिथला माणूस मला ओळखायला लागला होता. "आज पण भाऊ नाही?" म्हणायचा. तिसऱ्या बुधवारी त्याने विचारणं सोडून दिलं. वडिलांचा चेहरा दर वेळी थोडा वेगळा असायचा. घरी येऊन मी काकांना सांगायचे, दादाचं विमान ठरलंय, आता नक्की. मीच विमान कंपनीचं नाव जोडून द्यायचे, खरं वाटावं म्हणून. मग तुमचा निरोप आला की इस्पितळात आहात. आणि त्याच शनिवारी कोणीतरी फोटो दाखवला. विनिपेगमधलं कुठलंसं बारसं, सगळ्यांच्या अंगावर एकाच निळ्या कापडाचे कपडे, आणि दुसऱ्या ओळीत तुम्ही, हातात ताट.

पहिली माती चुलतभावाने टाकावी असं काकांचं ठरलं होतं. तो वाकायच्या आत इबीने मूठ भरून टाकली. त्यावरून जो गोंधळ झाला तो तुम्ही ऐकला असेल. पुढे रेडिओवर तिला भावाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझा भाऊही गेला. फक्त त्याचं प्रेत अजून सापडलेलं नाही." सगळं शहर हसलं. तेव्हापासून आपल्या घरात तुमच्यावर रागवायचं काम तिचं झालं. तिचा राग मोठा होता, गाण्यासारखा होता, लोकांना आवडायचा. आईचं रडणंही सगळ्यांना दिसायचं. बुधवारी कोण जात होतं ते कोणाला आठवत नव्हतं. तुम्ही नंतर आईची माफी मागितलीत, इबीची मागितलीत, काकांचीही मागितलीत. फोन घरात आला की मीच तो उचलून त्यांना द्यायचे.

तुम्ही या मजकुरावर नाराज होऊ नका. मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही कशाच्या भरवशावर येताय ते तुम्हाला समजावं म्हणून लिहिते.

ते कडवं मी अकरा वेळा गायले. इबी कशी गायली असती, कुठे हसली असती, कुठे दात आवळले असते, ते मला येतं. पहिल्या नऊ वेळा मी इबी होते, आणि इबीच्या तोंडात त्या ओळी बसत नव्हत्या. तिने तुम्हाला आत बोलावलंच नसतं. खिडकीतून शिव्या दिल्या असत्या. स्पॅनर काचेपलीकडून म्हणाला, "आंटी, आवाज तिचा आहे, पण खोटं बोलतोय." दहाव्या वेळी मी दमले होते. पाय दुखत होते. शाळेतून आले तेव्हापासून पोटात काही नव्हतं. मी तिच्यासारखं गायचं विसरले. मला ते शवागार आठवलं, आणि तुमचं ताट आठवलं, आणि का कोण जाणे, तुम्हीही तिकडे कुठेतरी उभे राहून पाय दुखेपर्यंत वाट बघत असाल असं वाटलं. तेव्हा तुमच्या अर्जाचं मला काही माहीत नव्हतं. दार लोटलंय, कडी नाही, हे मी तुम्हाला म्हणाले. मनापासून म्हणाले. सवयीने शब्दांची टोकं सोडून म्हणाले, कारण खाली गाणाऱ्याने ती गायची नसतात, आणि या वेळी वर कोणी नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बाहेर आल्यावर मीच चूक दाखवली. इंग्रजी ओळींत एकही शब्द पुरा नाही, पुन्हा घेऊ या. अकरावी वेळ मी टोकांसकट गायले. अजिबाडे तोवर आले होते. त्यांनी दोन्ही ऐकली आणि म्हणाले, "दहावी. यात मरणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतो." स्पॅनर त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला. तुम्ही बसमध्ये ऐकता ती दहावी. तिथे कोणाचा श्वास अपुरा पडलेला नाही. ती मी आहे, धडधाकट, एक्केचाळीस वर्षांची, जीवशास्त्राची शिक्षिका.

आता माझी स्थिती अशी आहे. परवा सोमवारपासून पुढच्या सहा गाण्यांचं काम सुरू होतं. मी जाणार आहे. सही केलेली आहे आणि वकील म्हणतो कागद पक्का आहे. पण कागद नसता तरी आईला काय सांगायचं होतं? पोरगी थडग्यात गप्प आहे आणि रोज सकाळी हात वर करून तू माझं ऐकत होतीस, हे? ते मला जमणार नाही. ती अजिबाडेंना रोज विचारते, इबीचं आणखी काही सापडलं का. सापडेल, म्हणतात ते. मला इबीसाठी रडायचं असतं तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत दार लावून रडते, आणि तेही आवाज न करता, कारण माझं रडणंही आता तिच्यासारखं वाटेल अशी भीती वाटते. ती गेली असं मला कुठेच म्हणता येत नाही. सगळीकडे ती गात असते.

एक गोष्ट मात्र मला जमेल. तुम्हाला खोट्यावर नऊ वर्षं टाकू द्यायची नाहीत.

म्हणून सरळ लिहिते. इबिरोंकेने तुम्हाला माफ केलं नाही. कदाचित केलं असतं. तिला वेळ मिळाला नाही, आणि तो तिच्या वतीने मी भरून काढू शकत नाही, जरी मी तसं केलं आणि ते आता सगळीकडे वाजतं. दुसऱ्या कडव्यात जी क्षमा आहे ती माझी आहे. तुम्ही ती माझ्याकडे कधी मागितली नव्हती, आणि ती द्यायला माझ्याकडे काही आहे हे मलाही त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. पण ती दिलेली आहे. आज सकाळी आईबरोबर मी पुन्हा ऐकलं, चहा न गाळता, तिच्या शेजारी बसून. ते खरं वाटतं. मी ते परत घेणार नाही.

तेवढ्यासाठी कोणी नऊ वर्षांचा अर्ज मागे घ्यावा असं मला वाटत नाही. तुमच्या जागी मी असते तर थांबले असते, उन्हाळ्यापर्यंत. आईला मी सांभाळून घेईन. विमान पुढे गेलं म्हणून सांगेन, तशी सवय आहे मला. या वेळी विमान कंपनीचं नाव तुम्ही सांगा.

हे पत्र अजिबाडेंच्या हाती लागलं तर ते मला कोर्टात उभं करतील, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणजे आता मीही थोडी तुमच्या हातात आहे. त्याचं मला वाटलं होतं तेवढं भय वाटत नाही.

उत्तर लिहा. आईच्या नावे नको, माझ्या नावे.

फेहिंतोला